आठवी खाच

अवसरी बुद्रुक,
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वृषाली हिस,
अनेक आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल, फक्त स्वयंपाकघर जागेवर नाही.

फोन असताना दादा कागद का काळा करतोय म्हणून हसशील. हस. पण मापाची गोष्ट फोनवर करायची नाही हा माझ्या दुकानाचा नियम आहे आणि तो मी घरालाही लावतो. तुमच्या जुन्नरच्या वलीभाईंचा उमर रोज पहाटे मंचरला पाव टाकायला येतो, गाडी माझ्या दुकानासमोरच लावतो. पाकीट त्याच्याकडे देतो आहे. त्याला तिकीट लागत नाही, चहा लागतो.

गौरी गेल्या, दुसऱ्या दिवशी आईला तुझ्याकडे सोडलं आणि त्याच दुपारी पप्पू गवंडी हातोडा घेऊन हजर झाला. चार दिवसांत ओटा, फळ्या, मांडणी, सगळं खाली. पण त्याच्या आधी दोन दिवस मी काय केलं ते ऐक. टेप घेऊन सगळं स्वयंपाकघर मोजलं आणि वहीत उतरवलं. कुठली फळी किती उंचीला, कुठला डबा भिंतीपासून किती इंचांवर, सगळं. हर्षाली पुण्याहून फोनवर म्हणाली, पप्पा, मोबाइलवर फोटो काढा की. म्हटलं, पोरी, फोटोत इंच दिसतात का? अठ्ठावीस वर्षं विजेच्या मोटारींत तार भरतोय. जळालेली मोटार आली तरी आतले वेढे मोजून वहीत लिहिल्याशिवाय मी जुनी तार कापत नाही. सातवी पास माणसाकडे पुण्याचे इंजिनियर मोटारी पाठवतात ते काय उगीच नाही.

मोजताना जे दोष सापडले तेही लिहून ठेवले, म्हणजे नव्यात राहायला नकोत. आईच्या फळीच्या पुढच्या कडेला विळ्यानं पाडलेल्या सात खाचा. अंतर सारखं नाही, कुठे साडेचार इंच, कुठे सहा. वहीत शेरा मारला: कारण अज्ञात. डब्यांच्या गळ्यात कोथिंबिरीच्या जुडीची रबरं अडकवलेली, एकाला एक, एकाला दोन, एकाला पाच. गॅसच्या एका खुंटीला चिंधीची गाठ, म्हणजे आगीला आमंत्रणच. मिक्सरच्या बटणाशेजारी ब्लाउजचं गुंडीबटण चिकटवलेलं. तुझी वहिनी म्हणाली, असू द्या, आत्याबाईंचं काहीतरी असेल. मी म्हटलं, नवं करायचं तर नीट करायचं. सागाची फळी चांगली होती म्हणून ठेवली, पण रंधा मारून खाचा काढल्या. डबे घासले, रबरं फेकली, सगळे एका मापाचे स्टीलचे नवे डबे आणले. आता रांगेत उभे केले की पोलिसांची परेड दिसते.

आता मुद्द्याचं. वहिनीला काँबिनेशन मायक्रोवेव्ह हवा आहे, म्हणजे गरम करणं, खरपूस करणं आणि बेक करणं एकातच. ठीक. पण त्यात गोल ताटली फिरते, आणि आईचा नानकटाईचा पत्रा चौकोनी. तो आत अडकून बसणार. म्हणून मी म्हणतो, दुसरा ओव्हन हवाच, खास बेकिंगचा. मंचरची भट्टी बंद पडल्यापासून दर दिवाळीला आई पीठ, तूप, साखर घेऊन तुमच्याकडे वलीभाईंच्या भट्टीवर येते आणि नंबर लावून बसते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे बरं दिसत नाही. तिनं घरात बसून ऐटीत नानकटाई करावी म्हणून मी हा दुसरा ओव्हन घालतोय. तिला अजून सांगू नकोस.

पुण्याला शोरूममध्ये दोन जोड्या पाहिल्या. पहिली जोडी एकाच कंपनीची. उभ्या कपाटात वर मायक्रोवेव्ह, खाली ओव्हन, दोघांना काळी काच. एक खुंटी नाही, एक बटण नाही, बोट टेकवलं की चालू. पुसायला सोपं, आणि दिसायला तर विमानाच्या आत बसल्यासारखं. दुसरी जोडी स्वस्त आणि ओबडधोबड, मायक्रोवेव्हला दाबायची बटणं आणि ओव्हनला तीन गोल खुंट्या. सेल्समन सारखा लिटर लिटर करत होता. मी म्हटलं, दूध घ्यायला आलोय का? टेप काढला आणि दोन्ही आतून मोजले, तेव्हा कुठे गप्प झाला.

तर काम असं. आईनं पत्रा बरोबर नेला आहे. त्याची लांबी, रुंदी, कडेची उंची बाहेरून मोजून कळव. पितृपक्ष चालू आहे, घटस्थापनेपर्यंत खरेदी नाही, तोवर वेळ आहे. दाजींना नमस्कार.

लोभ आहेच, माप तेवढं बिनचूक यावं.
तुझा,
सयाजीदादा

जुन्नर,
शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
वृषालीचा सा. न. तुझं पत्र पावाच्या क्रेटमधून आलं, त्यामुळे आमच्या घरी तुझा नियम खरपूस वासाचा आहे.

पत्रा मोजला. शाळेतली फूटपट्टी वापरली, बाई असल्याचा एवढा तरी उपयोग. लांबी पावणेसोळा इंच, रुंदी बारा, कड एक. एका कोपऱ्यात खिळ्यानं पाडलेली तीन भोकं आहेत, त्यांचा व्यास कळवायचा असेल तर वेगळं पत्र टाक. ती अण्णांनी पाडलेली, आठवतं ना? भट्टीत चाळीस घरांचे पत्रे एकसारखे दिसतात, आपला कुठला ते कळावं म्हणून. समोरच्यांच्या पत्र्याला दोनच होती आणि अण्णा ऐटीत म्हणायचे, आपलं एक जास्त.

आता आईचं. ती इथं रमलेली नाही. पहिले दोन दिवस वाटलं, जागा बदलली म्हणून असेल. पण ती दाराजवळच्या खाटेवरून उठतच नाही. उठली तर स्वयंपाकघराच्या चौकटीला हात लावून उभी राहते, आत येत नाही. एकदाच आत गेली. मंगळवारी मी शाळेतून यायच्या आत तिनं चहा केला आणि त्यात साखरेऐवजी मीठ टाकलं. यांनी बिचाऱ्यांनी अर्धा कप प्यायला आणि मग हळूच विचारलं की आज काही उपास आहे का. आई म्हणाली, तुमचं डबं समदं सारखंच, माणसानं वळखायचं कसं? मी म्हटलं, काचेचे आहेत आई, आतलं दिसतं. तर म्हणाली, चष्मा घरी राहिला. चष्मा तिच्या नाकावर होता, दादा. मला वाटलं चेष्टा करते आहे.

हे म्हणतात, सासूबाई रुसल्यात, सयाजीरावांनी स्वयंपाकघर पाडलं ते त्यांच्या मनात नव्हतं. मलाही तसंच वाटायला लागलं आहे. कारण तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. दुसऱ्या ओव्हनचं गुपित गाळलं, काळजी करू नकोस. विमानाचं ऐकून हसली. पण खाचांचं आलं तेव्हा म्हणाली, ते परत वाच. परत वाचलं. तिनं विचारलं, सातीच्या साती काढल्या? म्हटलं, रंधा मारला. रबरं पण? म्हटलं, हो. मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. संध्याकाळी म्हणाली, मी दिवाळीपत्तुर हितंच ऱ्हाते. मी म्हटलं, आणि नंतर? तर म्हणाली, नंतरचं नंतर बघू, आता तिथं माझं काय काम हाय.

हे वाक्य तिनं रागानं म्हटलं असतं तर मी तुला लिहिलं नसतं. ती शांतपणे म्हणाली. तू तिला नीट विचारलं होतंस ना, पाडायच्या आधी?

वहिनींना नमस्कार. माया आहे, ती पत्र्यासारखी वरचेवर मोजत जा.
तुझी,
वृषाली

अवसरी बुद्रुक,
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वृषाली हिस,
आशीर्वाद. माप मिळालं, बरोबर आहे. पुढचं वाचून जेवण गेलं नाही.

विचारलं होतं की नाही म्हणतेस? तीनदा विचारलं. तिन्ही वेळा म्हणाली, कर तुला काय करायचं ते. मी पुढे केलं. नवा ओटा चौतीस इंचांचा, आजकाल हीच उंची धरतात, जुना एकतीस होता. दोन ओव्हनसाठी मीटरपासून जाड तारेची वेगळी लाइन ओढली, दोघांना वेगळे एमसीबी, अर्थिंग नवीन. संध्याकाळी आपल्याकडे विजेचा दाब एकशे नव्वदवर येतो, तेव्हा नानकटाईला किती मिनिटं जास्त लागतील याचं गणितसुद्धा मांडून ठेवलं. हे सगळं कुणासाठी? आणि ती म्हणते माझं काय काम.

खाचा घासल्या म्हणून माणूस रुसतो का? त्या खाचांत पीठ बसायचं, मुंग्या यायच्या. मी चांगलंच केलं.

मला तिचं स्वयंपाकघर कळत नाही असं समजू नकोस. त्या घरात लाइट गेली तरी तिचं काम थांबायचं नाही. बाकी सगळे मेणबत्ती शोधत धडपडायचे आणि ती काळोखात फोडणी घालायची, मोहरी सांडायची नाही. पाव्हण्यांना आम्ही कौतुकानं सांगायचो. अशा बाईला नवीन ओटा जड जाणार नाही. चार दिवसांत हात बसेल.

म्हणून मी ठरवलं आहे. काळ्या काचेची जोडी घेणार. वहिनी दुसरी घ्या म्हणते, पण एकदा खर्च करायचा तर तालुक्यात दुसरीकडे नाही असं करायचं. आई येऊन बघेल तेव्हा तिचा राग जाईल.

फक्त एक कर. आईला घेऊन वलीभाईंच्या भट्टीवर जा आणि विचार की नानकटाईला उष्णतामान किती लागतं. अंदाज नको, आकडा हवा. आईला थोडं पीठ मळायला लाव, एक पत्रा भाजून बघा. तेवढंच तिचं मन रमेल.

राग नाही, थोडा आहे. लोभ त्याच्याहून जास्त आहे.
तुझा,
सयाजीदादा

जुन्नर,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. हे पत्र दुकानात उभ्यानं वाचू नकोस. घरी ने, वहिनींना जवळ बसव आणि मग वाच. घाबरण्यासारखं नाही, पण बसून वाच.

गुरुवारी आईला घेऊन भट्टीवर गेले. तुझा आकडा आधी सांगते. वलीभाई म्हणाले, हात आत धरायचा, दहा म्हणेपर्यंत सोसला की नानकटाई, सहालाच काढावा लागला की पाव. मी म्हटलं, आमच्या दादाला डिग्रीत पाहिजे. तर म्हणाले, त्याला म्हणावं हात पाठव. अमरीन, उमरची बायको, हसून हसून खाली बसली.

पीठ आईनंच मळलं. तळव्यानं फेसायचं काम तिच्यासारखं कुणाला जमत नाही, वलीभाईंच्या हाजराबीसुद्धा म्हणाल्या. दुसऱ्या घरांचेही सात-आठ पत्रे लागले होते. बाहेर आले ते सगळे एकाच लोखंडी घोडीवर ठेवले. आई उठली, घोडीपाशी गेली आणि एकेका पत्र्याच्या कोपऱ्यावरून पदराआडून अंगठा फिरवत गेली. चौथ्याला थांबली आणि म्हणाली, ह्यो आपला. दादा, तिचं तोंड रस्त्याकडे होतं.

मी हसत होते. हाजराबींनी मला दंडाला धरून बाजूला नेलं आणि म्हणाल्या, हसती काय गं? तीन दिवाळ्या झाल्या ती अशीच वळखती. गेल्या साली मी तिच्या म्होरं हाताभरावर उभी व्हते, बोलले न्हाई, तर कोण हाय ते तिला कळंना. आमाला वाटलं घरात समद्यांना ठावं हाय.

घरी आलो. ती घेवडा निवडत बसली, शेंगेच्या शिरा बोटांनी शोधत. मी शेजारी बसले आणि विचारलं, आई, किती दिसतं? ती आधी म्हणाली, दिसतंय की. मग म्हणाली, उजव्यानं न्हाईच, डाव्यानं नळीतनं बघितल्यागत. शनिवारी नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. गेलं ते परत येत नाही म्हणाले, पण डाव्यातलं उरलेलं टिकवता येईल, रोज थेंब घालायचे, चुकवायचे नाहीत. थेंब सुरू केले आहेत.

आता खाचांचं ऐक. आपल्या फळीवरची पहिली खाच मिठाची. दुसरी साखर, तिसरी चहा, मग रवा, बेसन, डाळ, शेवटची मिरचीपूड, ती मुद्दाम सहा इंच लांब, म्हणजे हात चुकून जायला नको. रबरं का, तर वहिनी घासायला डबे खाली काढतात तेव्हा ते परत बरोबर लागले की नाही ते कळावं. चिंधीची गाठ बारीक शेगडीची. गुंडीबटण मिक्सर हळू चालायच्या बाजूला. तुझी सगळी दोषांची यादी तिनं मला घेवडा निवडता निवडता पाठ म्हणून दाखवली. एका खाचेचं अंतर तू पत्रात लिहिलंस त्याच्याशी तिच्या बोटांनी जुळवून पाहिलं आणि म्हणाली, सयाजीनं मोजलं मातर बराबर.

मी रडले. विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, प्रयागबाईचं डोळं गेलं तवा तिच्या सुनांनी लई माया केली. खाटंवर बसवली, हातात ताट आणून दिलं, उठू दिलं न्हाई. दोन वर्सांत ती बाई शेंग कशी सोलायची इसरली. मला तसली माया नको.

दादा, ती रुसलेली नाही. काळोखात फोडणी घालायची ती बाई तुझ्या नव्या घरात मीठ शोधू शकणार नाही, एवढंच आहे, आणि ते तिला तुला कळू द्यायचं नाही. मी तुला लिहिलं हे तिला सांगितलं. ती म्हणाली, लिही, पर त्याला म्हणावं मला खाटंवर बसवू नको.

उद्या घटस्थापना. काचेची जोडी अजून घेऊ नकोस.

स्वतःवर रागावू नकोस, हीच विनंती समज.
तुझी,
वृषाली

अवसरी बुद्रुक,
शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वृषाली हिस,
आशीर्वाद. तीनदा लिहायला बसलो, दोनदा उठलो.

मोटार उघडली की मी गिऱ्हाइकाला नेहमी ऐकवतो की आतला एकेक वेढा कुणीतरी विचार करून घातलेला असतो, म्हणून आधी मोजायचा. घरात मी सगळं मोजलं. विचार कुणाचा, हे विचारलं नाही. कारण अज्ञात म्हणून शेरा मारला आणि रंधा काढला. माझ्या हाताखालच्या पोरानं अशी तार कापली असती तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता.

रात्री वहिनीला म्हटलं, माझ्या डोळ्यांवर पंचा बांध. तिला वाटलं, माझं डोकं फिरलं. बांधला आणि म्हटलं, आता चहा करतो. नव्या ओट्याची कड पोटाला लागली. माझ्या पोटाला चौतीस इंच, आईच्या तर बेंबीच्या वर येईल. डबे सगळे सारखे. परेडच ती, एकाचं नाव कळेना. मी रवा उकळत टाकला. वहिनी हसली नाही, गॅस बंद करून तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, आत्याबाई मी लावलेला एकेक डबा परत चाचपून बघायच्या, मला वाटायचं माझ्यावर भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून पुण्याला गेलो. शोरूममध्ये त्या काळ्या काचेसमोर डोळे मिटून उभा राहिलो आणि बोटांनी बटण शोधायला लागलो. काचेची हीच खोड आहे, शोधायला बोट ठेवलं की ती चालूच होते. चार वेळा शोधलं, चार वेळा वेगवेगळं काहीतरी सुरू झालं. सेल्समन धावत आला आणि म्हणाला, काका, बरं वाटत नाही का? मी डोळे न उघडताच म्हटलं, आता बरं वाटायला लागलंय, दुसरी जोडी दाखव.

तीच घेतली, ओबडधोबड. काँबिनेशन मायक्रोवेव्हला दाबायची बटणं आहेत, बोटाखाली उचललेली कळतात. सुरूचं बटण एकदा दाबलं की अर्धा मिनिट आणि एक बीप. चार बीप मोजले की दोन मिनिटं. त्या एका बटणावर एम-सीलचा हरभऱ्याएवढा थेंब दिला, बाकीची वहिनीसाठी मोकळी. ओव्हनच्या तिन्ही खुंट्या कटकट वाजत फिरतात. पत्रा आत बसतो, दोन्हीकडे पाऊण इंच जागा राहते. घरी आणल्यावर आत थर्मामीटर ठेवून पाहिलं तर खुंटी एकशे ऐंशीवर आणि आत एकशे अडुसष्टच. म्हणून कंपनीच्या आकड्यावर नाही, खऱ्या एकशे ऐंशीवर कानशीनं चीर दिली आहे. वलीभाईंना सांग, हात पाठवायची गरज नाही. वेळ संपली की घंटा वाजते, चांगली देवळासारखी.

पप्पूला म्हटलं, ओटा तीन इंच खाली घे. तो म्हणाला, राव, परवाच बसवलाय, लोक काय म्हणतील? म्हटलं, लोक काय रोज सकाळी इथं भाकरी करायला येणारेत? एकतीस केला. फळी जुन्याच उंचीला, भिंतीपासून जुन्याच अंतरावर. रंधा मारून तिची कड पाव इंच आत गेली होती, तेवढी सागाची पट्टी पुढून ठोकली आणि वही उघडून सातही खाचा परत पाडल्या. साडेचार, पाच, सगळं वहीतल्यासारखं. नवे डबे वहिनीनं तिच्या माहेरी देऊन टाकले, जुने माळ्यावरून काढले. रबरांसाठी मंचरच्या भाजीवाल्याकडे गेलो, तर म्हणाला, शेठ, कोथिंबीर घ्या, रबर फुकट आहे. अठरा जुड्या घेतल्या. दोन दिवस कोथिंबिरीच्या वड्या खातोय.

आईला सांग, दसऱ्याला गाडी घेऊन येतो. खाटेवर बसायला नाही. मी केलेलं काम तपासायला तिच्याशिवाय दुसरं कुणी नाही. जे चुकलं असेल ते चारचौघांत सांगितलं तरी चालेल. थेंब मी स्वतः घालीन, घड्याळ लावून.

माझ्याकडून झालं ते पोटात घाल. तूही, तीही.
तुझा,
दादा

अवसरी बुद्रुक,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. वृषाली हिस,
आशीर्वाद. हे पत्र आई सांगते आहे आणि मी लिहितो आहे. पदरचं काही घालायचं नाही अशी ताकीद आहे.

आई सांगते की ती बरी आहे, डोळ्यांत थेंब पडतात, पण सयाजी थेंब घालताना असा श्वास रोखून धरतो की तिलाच त्याची काळजी वाटते. (खोटं आहे. हात हलू नये म्हणून धरतो.)

ओटा बरा केलाय म्हणते. खाचा जाग्यावर हायेत, पर लई गुळगुळीत केल्यात, बोट घसरतंय, त्येला घासायची सवयच वाईट. रबरं नवी हायेत, जरा ताठ, सैल पडतील. वरच्या यंत्राला ती हात लावत नाही, ते सुनंचं. सून त्यात सकाळचा चहा परत गरम करून पिते आणि तिला वाटतं आईला कळत नाही, पण बीप ऐकू येतात, दोन. (वहिनी शेजारी उभी आहे, लाजली.)

खालचा ओव्हन तिचा. पहिला घाणा करपला. सयाजी शेजारी मिनिटं मोजत उभा व्हता म्हणून करपला, असं तिचं म्हणणं. दुसऱ्याला त्याला बाहेर काढला आणि वासावर पत्रा काढला. झुंबरबाईनं शेजारून येऊन चार खाल्ल्या, म्हणाली, भट्टीपरीस बऱ्या. हाजराबीला हे सांगू नगं.

आई पुढं सांगते, शुक्रवारी सयाजी दुकानात गेल्यावर तिनं विळा घेतला आणि फळीला आणखी एक खाच पाडली.

थांब. बघून येतो.

पाहून आलो. खरंच आहे. मिरचीच्या खाचेच्या पुढे, नव्या पट्टीवर, चांगली ठसठशीत, थोडी तिरकी. विचारलं, ही कशाची? म्हणाली, त्या खालच्या डब्याची, एवढा म्होटा आणलाय, त्याला नको का जागा? म्हणजे हात खाचेवर ठेवला की सरळ खाली ओव्हनची खुंटी. मी ओळंबा सोडून पाहिला, वृषाली. दोरा खाचेत धरला आणि वजन खाली गेलं ते थेट एकशे ऐंशीच्या चिरेवर थांबलं. सुताचाही फरक नाही. तिनं टेप लावला नव्हता. मी परत परत पाहिलं, वहिनी म्हणाली, पुरे आता. वही काढली आणि सातच्या खाली लिहिलं: आठवी खाच, कारण माहीत.

आई विचारते, पट्टी खराब केली म्हणून रागावला का? मी म्हटलं, नाही. ती म्हणते, मग गप का? मी म्हटलं, लिहितोय.

उमरबरोबर दिवाळीची नानकटाई पाठवते आहे. भाऊबीजेला तुम्ही सगळे या, जेवण तिच्या हातचं. डब्याला दोन रबरं आहेत, गोडाचं आहे म्हणून. डबा रिकामा करून लवकर परत पाठव, आणि रबरं काढून ठेवू नकोस, हे तिनं दोनदा सांगितलं.

माया दोघांची.
आई
(आणि लिहिणार, सयाजी)